चाळीस सेकंदांचा आवाज

मंगळवार, दुपारचे पावणेतीन. इंदापूर, एसटी स्टँडच्या मागची गल्ली, माझं फ्लेक्सचं दुकान, आत मी एकटा. एवढं लिहा तात्या, आणि वही मिटा — मिटा म्हणतो — मग बाकीचं बोलतो. बारामतीवरनं एवढ्या उन्हात आलात, जोतीरामतात्या, तुमच्या बातम्या कॉलेजात असल्यापासनं वाचतो, म्हणून बसा म्हणलं. दुसरा कुणी पत्रकार असता तर पायरीवरनंच परत लावला असता. चहा घ्या. आणि माझ्याकडं असं आरोपीगत बघू नका. बाहेर पाटी वाचली न्हाय का? ज्ञानेश आर्ट्स. कलाकार माणूस हाय मी.

हे बघा, हिकडं, स्क्रीनवर — नेटवर काय काय पडलेलं असतं, हुडकणाऱ्यालाच घावतं. ही एक साइट, हिला नुसते वाऱ्याचे आकडे द्यायचे, ही रेघांचं चित्र काढती. मी उजनीवरच्या वाऱ्याचं काढलं, हे निळं. कुणी भिंतीला लावलं न्हाय, पण बघा तरी. हे दुसरं, जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरतं. शेळगावच्या द्वारकाबाईच्या मालकांचा फोटो ह्याला दिला, तर ह्यानं फेटा केला गुलाबी. बाई हितं येऊन भांडली — ह्यांनी जित्तेपणी गुलाबी बांधला न्हाय, आता कसा बांधतील म्हणती. हसलात ना? असलं काम हाय हे. आणि हे तिसरं, फोटोला बोलतं करणारं. फोटो द्यायचा, आवाजाचा नमुना द्यायचा, मजकूर टाकायचा — ओठ हलत्यात, पापणी लवती. लग्नात वारलेल्या आजोबांचा आशीर्वाद, वाढदिवसाला परदेशातला भाऊ, पंधरा-वीस केलेत मी. बायका पदर डोळ्याला लावत्यात. ह्यात गुन्हा कुठला?

व्हय. स्वरूपाचा पण ह्याच्यावरच केला. तुमी ओळखलंच हाय, न्हाय म्हणून काय करू — फुकटातलं टूल कोपऱ्यात आपलं चिन्ह सोडतं, तेच चिन्ह मी लग्नांसाठी केलेल्या व्हिडिओंवर बघितलंत तुमी. मग आता नीट ऐका, कारण गावात ह्याचं त्याला जोडून सांगत्यात. स्वरूपा म्हणजे शेळगावच्या ठमाबाईची एकुलती एक. चोवीस वर्षांची, लोणी देवकरला एका कंपनीत पॅकिंगला. बाप वारल्यापासनं पेरूच्या बागेला मायलेकींचं नाव लागलंय, आणि बागेच्या कागदावर पोरगी सही करीना म्हणून घरात धुसफूस — ती कुणाच्या घरात न्हाय? शुक्रवारी संध्याकाळी पाळी सुटली, कंपनीच्या गाडीतनं फाट्यावर उतरली, घरी पोचली न्हाय. रविवारी ठमाबाई आणि तिचा दीर झुंबर हितं आली, बेपत्ताची पाचशे पत्रकं छापून दिली मी. फुकट. हे पण छापा. आणि बुधवारी सकाळी तो व्हिडिओ आला, झुंबरच्या मोबाइलवर आला म्हणं — आई, मी माझ्या मर्जीनं गेले, सुखात हाय, मला हुडकू नका, रानाचं काका करतील ते मला मान्य हाय. गुरुवारी घरच्यांनीच तक्रार मागं घेतली. संपलं.

काय संपलं न्हाय? बोला की. हां — हे कुणी सांगितलं तुमाला, ठमाबाईनंच? खरं हाय ते. आमच्याकडं एकत्र घरात असंच असतं, दीर वैनी म्हणतो, ते ऐकून पोरं पण आईला वैनीच म्हणत्यात. स्वरूपा जन्मात तिला आई म्हणली न्हाय. आणि व्हिडिओत म्हणती आई. म्हणून मजकूर लिहिणारा कुणीतरी बाहेरचा, घरातलं न जाणणारा — असा हिशोब लावलाय तुमी? चुकलात, तात्या. एवढी वर्षं बातम्या लिहून चुकलात. कागदावर वैनीच होतं. आई मी घातलं. कलाकार नको का बघायला, ऐकणाऱ्याला काय वाटंल — वैनी म्हणलं की लोक म्हणणार, ही भावजयीला का सांगती? ठाण्यात दाखवायचं तर आई बरं —

ठाण्यात म्हणजे, चार लोकांत. तसं म्हणायचं होतं मला. वही कशाला उघडली?

बरं, ऐका. मला जे सांगितलं ते सांगतो. म्हातारी तीन दिवस जेवली न्हाय, पोरीचा आवाज कानावर पडला तर दोन घास खाईल — असं सांगितलं मला. हात जोडले माझ्यापुढं. तुमी काय केलं असतं? आणि जेवली हो ती. द्वारकाबाईनं सांगितलं, व्हिडिओ बघून ठमाबाई म्हणली, माझी स्वरूपा मला आई म्हणली, आणि भाकरी मागितली. नंतर तक्रार मागं घ्यायच्या कागदावर अंगठा द्यायला स्वतःच्या पायानं गेली. आता माझ्या त्या एका शब्दावर तुमी बोट ठेवताय, पण त्या शब्दानं ती जेवली.

कोण आलं होतं ते इचारू नका. मला हितं दुकान चालवायचंय. नवीन माणूस न्हाय एवढं खरं, रविवारी पत्रकं छापताना ठमाबाईच्या मागंच की उभा — जाऊ द्या. फोटो? फोटो कुणी कशाला द्यावा लागतो, पत्रकाचा होता की कम्प्युटरवर, तोच वापरला. मग माहीत होतं, म्हणता? हां, माहीत होतं, पोरगी बेपत्ता हाय हे माहीत होतं, पाचशे कागदांवर मीच छापलं होतं. पुढं बोला.

आवाज. आवाजाचंच राहिलं व्हय. आता ह्यात माझं चुकलं असंल तर एवढंच. सोमवारी सकाळी तो आला तवा नुसता मजकुराचा कागद होता. मी म्हणलं, आवाजाशिवाय हे टूल चालत न्हाय, चाळीस सेकंद लागतात, मागं गडबड नको, दुसऱ्या कुणाचं बोलणं नको. काय बोललेलं पायजे, म्हणला. मी म्हणलं, काय पण चालतंय, समोर दिसंल ते वाचायला लावा. मला वाटलं, घरात जुनं काहीतरी असंल, मोबाइलात, कुणाच्या हळदीतलं. तो ‘बरं’ म्हणला आणि गेला. मंगळवारी घेऊन आला. बरोबर चाळीस सेकंद, एकदम साफ.

ऐकायचंय? न्हाय ऐकवणार. सांगतो. खताचं पोतं वाचती ती. वजन पन्नास किलो, हूक लावू नये, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे, लहान मुलांपासून दूर ठेवावे. शाळेत धडा वाचत्यात तसं, सावकाश, एकदा अडखळली तर परत पहिल्यापासनं. मी ते मशीनला घातलं आणि पावणेतीनला व्हिडिओ तयार केला — पहिल्यांदा तुमाला लिहून घ्या म्हणलं ती हीच वेळ. रात्री जेवताना ध्यानात आलं माझ्या — पोरगी समोर बसलीय, सांगितलं ते वाचतीय, तर तीच चार वाक्यं तिच्याकडनं का वदवली न्हायत? माझं काम काय होतं ह्यात? पोतं वाचलं तिनं. तो कागद वाचला न्हाय.

बास. उठा तात्या, शटर ओढायचंय मला. पेपरात माझं नाव घाला, न्हायतर घालू नका, दोन्हीनं मला झोप लागत न्हाय. हवालदार एकदाच आले होते, व्हिडिओ बघून गेले, नमुन्याचं त्यांनी इचारलं न्हाय आणि मी सांगितलं न्हाय. ती फाइल अजून हाय हितं. फाइलवर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ हाय: सोमवार, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. म्हणजे मी आवाज मागितल्यावर आठ तासांनी. शुक्रवारपासनं जी कुणालाच दिसली न्हाय, ती सोमवारी खताच्या पोत्यापुढं बसली होती. ते पोतं कुठल्या शेडमधलं, हे एकोणीस दिवसांत कुणी शोधलेलं न्हाय.