कडूमावशीची ओवी

जिंतूरच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघं पोरं कुजबुजत होती. अंबिकाबाईंचे कान आपसूक तिकडं लागले.

"शंतनु, कंपनीनं नियम बदलले. फाशांच्या खेळासाठी आपण रचून साइटवर टाकलेली गोष्ट आता कंपनीला छापून विकता येती."

"अख्खी?"

"चेटकिणीच्या मंतरासकट."

"भक्ती, तो मंतर म्हणजे बोरीच्या कडूमावशीची ओवी हाय! मेलेल्या लेकीसाठी रचलेली!"

"म्हणून तर जीव खालीवर व्हायलाय."

"काढून टाक की."

"आता निघत न्हाई. मी 'मान्य' दाबून बसले."

"लय लुटारू हायत! पण ओवी घ्यायला मावशी हो म्हणली होती ना?"

बस बोरीत शिरली. स्टँडवर एक म्हातारी खिडक्या न्याहाळत उभी होती. भक्तीनं मान खाली घातली.

"कंपनीनं मला निदान विचारलं तरी, शंतनु."