स्पीकरवर रुपाली

कामशेतला पवनानगरची जीप भरायची वाट बघत थांबली होती. आत सविताच्या शेजारी बसलेल्या मावशींचा फोन स्पीकरवर होता आणि त्यातून एक पोरगी ओरडत होती.

“आये, कुटं हाईस? भाकऱ्या गार व्हाय लागल्यात. अजून उशीर केलास तर मी जेवून घेईन!”

फोन बंद झाला. सविताच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मावशी, लेक एवढा दम देते, तेही साऱ्या जीपला ऐकू जाईल असा?”

“देऊ द्या की. वरीसभर माजी रुपाली भिताडाकडं तोंड करून पडलीवती. आंगूळ न्हाई, बोलनं न्हाई. घास मी भरवायची.”

“अगंबाई! मग?”

“गावच्या आशा वर्कर ताईनं दवाखान्यातल्या म्याडमना घरी आनलं. गोळ्या चालू झाल्या. म्याडम अजून येत्यात, तिच्यापाशी बसत्यात. पयलं निस्ती येनी घातली तिनं. मग पानी भराय लागली. आता मला चुलीला हात लावू देत न्हाई.”

“म्हणजे पूर्ण बरी झाली?”

“एखाद्या दिशी पडून ऱ्हाती अजून. पन दुसऱ्या दिशी उटती.”

फोन पुन्हा वाजला. मावशींनी तो उचलला आणि ओशाळून स्पीकर बंद करायला बोट नेलं.

“राहू द्या,” सविता म्हणाली. “मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”