मास्तर नको म्हणाले नव्हते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ श्रीमान बाळासो खराडे, मुख्याध्यापक श्री. वसंतराव देशिंगकर, व्यासपीठावरील सन्माननीय सभासद, माझे शिक्षकबंधू, पालकमंडळी, विद्यार्थी आणि उजवीकडे बसलेल्या माताभगिनी,

एवढं म्हणेपर्यंत अध्यक्षांचा चहा निवला. पुढंही असंच चालणार आहे. ज्यांना मलकापूरची शेवटची मोटार गाठायची असेल त्यांनी आत्ताच उठावं, मला राग येणार नाही. जे बसतील त्यांना एकच विनंती आहे. मी अडलो की माझा शब्द तुम्ही पुरा करू नका. खोकू नका, एकमेकांकडे बघू नका. शब्द माझा आहे, तो मी आणीन.

वसंतरावांची जरा पंचाईत झाली आहे, हे मला दिसतं. माझ्या वतीनं या निवृत्तीच्या सत्काराला उत्तर तेच देणार होते, तसं पत्रिकेत छापलंही आहे. भाषण त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. त्यात मी भारावून गेलो आहे असं लिहिलंय, दुपारी त्यांनी मला वाचून दाखवलं. मी भारावलेलो नाही. मला राग आला आहे, आणि माझा राग तरी मला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या.

आईवडिलांनी माझं नाव त्र्यंबक ठेवलं. तेव्हा त्यांना काय कल्पना असणार? कुणी नाव विचारलं की मला घाम फुटायचा. आजही फुटतो. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी 'नंदिनी'च्या पहिल्याच अक्षरावर अडलो. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी मेव्हण्यानं माझ्या वतीनं नाव घेऊन टाकलं. माझ्या बायकोचं नाव, भर मांडवात, तिच्या भावानं! हसा, हसा, तेव्हाही मंडळी हसलीच होती.

माझी बहीण हातकणंगल्याला असते. 'ह'शी माझं फार जुनं वैर. खिडकीपाशी अडलो की मागची रांग ओरडते, म्हणून मी जयसिंगपूरचं तिकीट काढतो आणि अलीकडे हातकणंगल्याला उतरतो. तिकीट मास्तरला वाटतं, या गृहस्थांचं जयसिंगपुरात काहीतरी आहे. हे आज का सांगतो? तर बोलायची भीती माणसाला काय काय करायला लावते, ते न अडता बोलणाऱ्यांना ठाऊक नसतं म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्षमहाराज, घड्याळ बघू नका.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी आपले आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेनं पाळी माझी होती. याच सभागृहात सभा भरली, अध्यक्ष हेच होते. त्यांनी आपल्या रोखठोक पद्धतीनं विचारलं, "मास्तर, हेडमास्तर व्हताय काय?" माझं उत्तर तयार होतं. मी आठवडाभर घोकत होतो. आणि ते अडलं.

मी अडलो की माझी मान डावीउजवीकडे हलते. लहानपणापासूनची खोड आहे, आत्ताही हलते आहे, तुम्ही बघताच आहात. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. मास्तरांची मान हलली म्हणजे शब्द येतोय, गप बसायचं, हे त्याला चार दिवसांत कळतं. अध्यक्षांना वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. त्यांना फक्त माझी मान दिसली. ते सभेकडे वळून म्हणाले, "मास्तर न्हाय म्हनत्यात. लई मोठ्या मनाचा मानूस हाय."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझा शब्द बाहेर आला, पण तो माझ्याशिवाय कुणीही ऐकला नाही. लगेच गळ्यात हार पडला आणि वसंतरावांचं नाव पुढं आलं.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. गेलो होतो की! शाहूपुरीत अध्यक्षांच्या गुळाच्या अडतीवर गेलो. सौदा चालू होता. शेतकरी, हमाल, व्यापारी सगळे हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी गुळाच्या ढेपांपुढं मान हलवत उभा. अध्यक्षांनी चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कळलं मास्तर, कळलं. आभार कशाला मानताय?" मी चहा पिऊन परत आलो.

तेव्हापासून मी त्यागमूर्ती आहे. प्रत्येक स्नेहसंमेलनात माझ्या त्यागाचा उल्लेख होतो. नव्या शिक्षकांना माझा दाखला देतात. बढतीसाठी कुणी तोंड उघडलं की माझ्याकडे बोट दाखवून त्याला गप्प करतात. वसंतरावांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी शाळा नीट चालवली. पण ती मला चालवायची होती. मला ती चालवता आली असती, आणि मला ती हवी होती. एवढं साधं वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसलो, कारण प्रत्येक वेळी ते कुणीतरी माझ्याआधी भलतंच पुरं केलं.

घरी खरं ठाऊक आहे. मी बोलत असलो की आमचं कुटुंब भाकरी थापत बसतं, वाक्य संपलं की मग मान वर करतं. आज निघताना ती मला म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी उठून सांगीन." मी म्हटलं, तेवढं करू नकोस. माझ्या वतीनं बोलणारे पुष्कळ झाले.

हे मानपत्र चौकटीत छान बसवलंय. त्यात 'चालून आलेले पद नम्रपणे नाकारून' असं सोनेरी अक्षरांत आहे. हे मी घरी नेणार नाही. शाल नेतो, थंडीचे दिवस आहेत. नारळही नेतो. मानपत्र तेवढं संस्थेनं ठेवून घ्यावं, कारण त्यातला माणूस संस्थेनंच तयार केला आहे.

आता आभार. ज्या विद्यार्थ्यांनी माझी वाट बघितली त्यांचे मनापासून. माझ्या पत्नीचे, ती रागावेल तरीही. आज इथं जे गप्प बसून राहिले त्यांचे. माझ्या बोलण्यात कुणाला कठोर शब्द लागला असेल तर क्षमा असावी. मी अडलो त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

एक शेवटचं मागणं. अध्यक्षमहाराज, तो जुना प्रश्न मला पुन्हा एकदा विचारा. पद आता नाही आणि मला ते नकोही. फक्त विचारा आणि थांबा. लाऊडस्पीकर नको, तसंच विचारा.

"मास्तर, हेडमास्तर व्हताय काय?" अध्यक्षांनी विचारलं, ऐकलं ना सगळ्यांनी? आभारी आहे. आता माझी मान हलेल, तिकडे बघू नका.

ह...

थांबा, वसंतराव.

ह... ह...

हो.

टाळ्या नकोत. मी बसतो.