पहिलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय नानासो, साखर कारखान्याचे संचालक व आजचे प्रमुख पाहुणे भाऊसो, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सुभेदार लालासाहेब, म्हणजे आमचे लालातात्या, समोरची वडीलधारी मंडळी, रजेवर आलेले जवान, माता-भगिनींनो, आणि जागा असूनही खांबाला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो,

आधी कबूल करून टाकतो. हे भाषण लिहून आण, असं मला मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. मी आज-उद्या करत राहिलो. मिरजेत लिहीन म्हटलं, तिथं तंबूतल्या सिनेमाचं काम निघालं. कराडात लिहीन म्हटलं, तर स्टँडवर ओळखीचा ड्रायव्हर भेटला, त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, तो बसवत बसलो. शेवटी आज सकाळी येष्टीत मांडीवर कागद धरून लिहिलं. अक्षर गाडीसारखंच हललंय. तेव्हा अडखळलो तर दोष रस्त्याचा.

नववी नापास, एका गावात महिनाभर न टिकणारा माणूस. त्याला सत्काराच्या भाषणाला कोण बोलावतं? पण मी लढाईत पडलेल्या केरबाचा धाकटा भाऊ. आमच्या आईनं, बनुबाईनं, यायला साफ नकार दिला. मग त्या घरातलं कुणीतरी माईकसमोर दिसावं, असं कमिटीत ठरलं. नानासो, रागावू नका. तुमच्या तोंडचंच सांगतोय.

लालातात्यांनी पलटणीत उभं आयुष्य घातलं. त्यांच्या छातीवरच्या पदकांबद्दल भाऊसो बोललेच. कारखान्याबद्दलही बोलले, ते जरा जास्त झालं, पण यंदा ऊसच नाही म्हटल्यावर बोलायला वेळ भरपूर असणार. असो. मी कुठं होतो?

हां. पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून गावची रीत सांगतो. आपल्याकडं पलटणीतला गडी रजेवर आला, की आधी आपल्या घरी जात नाही. त्याच्या बरोबरचा कुणी लढाईत पडला असेल, तर आधी त्याच्या उंबऱ्यावर जायचं. तिथल्या बाईच्या हातचं पहिलं पाणी प्यायचं. मग आपलं घर, आपली बायको, आपली पोरं. ही रीत कुणी घातली माहीत नाही. पण मोडलेली कुणी पाहिली नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात वाळवंटात शत्रूचं एक ठाणं घेताना केरबा पडला. लालातात्या त्याच्या शेजारी होते. इथं ठाणं घेतल्याची बातमी आधी आली. पेढे वाटले, उंब्रजचा बँड आणला, मीही नाचलो. केरबाची तार मागनं आली. नंतर तात्या रजेवर आले, आधी आमच्या उंबऱ्यावर आले. पाणी प्याले आणि आईला शब्द दिला, की वाट खुली होऊ दे वैनी, केरबा पडला ती जागा तुला दाखवून आणतो. आई त्या शब्दावर जेवायला लागली. इतकं खरं आहे.

पुढं दोन्ही सरकारांची बोलणी झाली, तह झाला. गेल्या डिसेंबरात चावडीपुढच्या रेडिओवर सांगितलं, की दोन्ही बाजूंच्या फौजा मागे घेण्यात आल्या. एवढं एकच वाक्य, आणि लगेच बाजारभाव. आई तिथंच होती. तिनं मला विचारलं, "मागं म्हंजी कुठवर?"

मी म्हटलं, "जिथनं गेलत्या तिथवर."

ती म्हणाली, "मग माझा केरबाबी जिथनं गेलता तिथवर याया पायजे."

यावर उत्तर कुणाकडं आहे? भाऊसो, तुमच्याकडं आहे? मी दुसऱ्या दिवशी मिरजेला निघून गेलो.

गैरसमज नको. तह झाला ते बरं झालं. दोन्हीकडची पोरं घरी जेवतायत. पण ज्यांना परतच द्यायचं होतं, त्यांनी ते ठाणं घेताना आमच्या घरातलं माणूस का घ्यावं, एवढं कुणी समजावून सांगितलं तर मी त्याच्याही सत्काराला येईन.

आणि मग तात्या पेन्शनीत आले. आईला कळलं होतं. गावात टँकरचं पाणी, माणशी मोजून. त्यातलं तांब्याभर तिनं राखलं आणि दारात बसली. तात्या येष्टीतून फाट्यावरच उतरले आणि ओढ्याच्या मागच्या वाटेनं थेट आपल्या घरी गेले. आपल्या बायकोच्या, लीलाकाकींच्या हातचं पाणी प्याले. दिवे लागले तेव्हा आईनं तांब्या उंबऱ्यावर ओतला. या दुष्काळात. मग आत जाऊन निजली.

गाव म्हणालं, सुभेदाराला पदकं चढली. कुणी म्हणालं, ठाणं परत देताना शत्रूबरोबर चहा प्याला, आता कुठल्या तोंडानं येईल.

परवा मी जाऊन विचारलं. तात्या, तुमच्या परवानगीशिवाय सांगतोय. मी विचारलं, "तात्या, चहा प्यालासा का?"

म्हणाले, "प्यालो की. त्यांचा सुभेदार माझ्याच वयाचा. त्यानं किटलीच आणली हुती. भांडान न करता जागा सोडायची, आसा हुकूम. साखर कमी हुती."

मग म्हणाले, "ज्ञानू, केरबा पडला तिथं आमी दगडं रचलीती. जाताना ती मीच ह्या हातानं मोडली रं. मागं कुणी लाथाडू न्हाई म्हणून. आता वैनीला काय दाखवू? जागा बी न्हाई, खूण बी न्हाई. तिच्या हातचं पाणी कसं उतरंल घशाखाली?"

मी हे घरी जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

म्हणून तात्या, या शालीबद्दल तुमचं अभिनंदन करायला माझी जीभ वळत नाही. तुम्ही त्या उंबऱ्यावर गेला असता, तर ते केलं असतं. उद्या जाल, तर उद्या करीन.

बोलण्यात कमीजास्त झालं, मोठ्यांचा मान राखायचा राहिला, तर अडाणी पोर म्हणून पदरात घ्या. कमिटीनं बोलायला दिलं, आपण ऐकून घेतलं, उपकार आहेत. मी माझे दोन...

काय रं गुंडा? हात कशाला करतोस? कोण?

नानासो, हाराचं जरा थांबवा. बायकांनो, वाट द्या. आई आलीय. हातात तांब्या हाय. तात्या, पाजायला आलीय का तुमच्या पायाशी ओतायला, ते मला ठाऊक न्हाई. पण तुमी उठून उभं ऱ्हावा.