गेटपासवरची सही

जबाब देणार : वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी, विद्यापीठाच्या आयात कक्षात वरिष्ठ लिपिक, राहणार कर्मचारी वसाहत, इमारत दोन, तळमजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी सासूबाईंसह राहते. माझे यजमान विद्यापीठाच्या दृष्टी संशोधन विभागात तंत्रज्ञ होते. ते एकोणीस वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर मला नोकरी मिळावी म्हणून विभागप्रमुख सरांनी स्वतः खेपा घातल्या. कामही त्यांनीच शिकवले. परदेशातून येणाऱ्या मालाचे कागद करणे, कस्टममधून तो सोडवणे व पुढे तो कोठे आहे याची नोंद ठेवणे, हे माझे काम आहे.

मागील वर्षी डोळ्याच्या पडद्याचे चित्र घेणारे एक यंत्र परदेशातून आले. ते संशोधनासाठी असल्याने त्यावरील शुल्क माफ झाले. त्याबदल्यात यंत्र पाच वर्षे विभागाबाहेर जाणार नाही, असे हमीपत्र विद्यापीठाने कस्टमला दिले. त्यावर सरांची व माझी सही आहे. खोका उघडला त्या दिवशी यंत्रामागचा क्रमांक मी माझ्या वहीत उतरवून घेतला.

दि. ९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी वार्षिक पडताळणीसाठी विभागात गेले. यंत्रावरचे कापड काढले असता खाली जुने, बंद पडलेले यंत्र दिसले. तेथील संशोधक विद्यार्थिनीने सांगितले की, नवे यंत्र दुरुस्तीला गेले असून तिचे काम तीन महिने ठप्प आहे. दुरुस्तीचे पत्र माझ्याकडून जाते. असे पत्र मी केलेले नाही. मी फाटकावर गेले. सुरक्षारक्षकाने गेटपास काढून दाखवला. त्यावर माझ्या नावाची सही होती. ती मी केलेली नाही. यंत्र सरांच्या जावयाच्या गाडीतून गेले, असे त्याने सांगितले. जावयांचा डोळ्यांचा दवाखाना आहे.

दुपारी दोन वाजता मी दवाखान्यात गेले. काउंटरवर सरांची मुलगी होती. ती मला लहानपणापासून मावशी म्हणते. तिने पाणी दिले व विचारले, "मावशी, नंबर तपासायचाय ना?" मी म्हणाले, "नंबरच बघायला आलेय गं." ती हसली. आत एक वृद्ध गृहस्थ यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांची तपासणी होईपर्यंत मी थांबले. नंतर यंत्रामागे वाकून क्रमांक पाहिला. तोच होता. यंत्र वडिलांनी विकत घेऊन दिले, एवढेच मुलीला माहीत होते. तिने दिलेले पाणी मी तोवर प्यायले होते.

साडेपाच वाजता मी सरांना भेटले. त्यांनी बसायला सांगितले. दवाखाना नवा आहे, तिथे चार लोकांचे डोळे तरी वाचतात, रविवारी यंत्र परत येईल, तोवर पडताळणीचा कागद भरून टाक, असे ते म्हणाले. मी सहीबद्दल विचारले. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मीच केली. विचारलं असतं तरी तू नाही म्हणाली नसतीस."

मी म्हणाले, "म्हणाले असते, सर."

घरी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. पगार विद्यापीठ देतं, असे मी त्यांना म्हणाले. सकाळी माझा डबा भरताना त्या म्हणाल्या, "तुझी सही माझ्या मुलानंसुद्धा कधी केली नव्हती. जा."

दि. १० रोजी मी कुलसचिवांना लेखी कळवले व त्यांच्या परवानगीने कस्टमलाही पत्र दिले. दि. १२ रोजी कस्टमच्या दोन अधिकाऱ्यांनी यंत्र पंचनामा करून विभागात परत आणले. बाहेर कोणीही नेले असले तरी माल विद्यापीठाच्या नावे आलेला आहे, म्हणून जाब विद्यापीठालाच द्यावा लागेल, असे त्यांनी सांगितले. हमीपत्रावर माझी सही असल्याने मलाही नोटीस आली आहे. ती सही माझीच आहे. विद्यार्थिनीने कालपासून काम पुन्हा सुरू केले. सर रजेवर आहेत.

माझा कोणावर संशय आहे काय, असे विचारले. संशय नाही. सरांनी मला स्वतः सांगितले आहे. माझ्या सहीचे तीन नमुने मी दिले आहेत.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'सदर इसम' असे लिहिले होते, ते खोडून 'सर' करण्यास मी सांगितले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.