शेंबड्या ड्रॅगनची गुहा

(इंग्लंडमधलं रॉदरहॅम गाव. दुपार. डोरीनचं स्वयंपाकघर. टेबलावर कॉम्प्युटर सुरू आहे. तिचा नवरा क्लिफर्ड खिडकीपाशी खुर्चीत बसलाय. त्याचा जुना मित्र हॉवर्ड कोट न काढताच टेबलाशी टेकलाय.)

डोरीन: नाही म्हटलं ना. चहा हवा तर घे. खेळ मिळणार नाही.

हॉवर्ड: अगं, मी तो विकायला मागत नाहीये. इंटरनेटवर फुकट ठेवायचाय, फ्रीवेअर म्हणून. ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा. पैसा नाही, काही नाही.

डोरीन: विकायला मागितला असतास तर एक वेळ विचार केला असता. फुकट म्हणजे कुणीही यावं आणि हात घालावा.

हॉवर्ड: क्लिफनं आणि मी तरुणपणी बनवलेला हा कॉम्प्युटरचा खेळ ज्यांच्यावर भरला होता, त्या माळ्यावरच्या कॅसेटी खराब होत चालल्यात. एक कशीबशी वाचली, तिच्यावरून नाताळात मी हा या मशीनवर चढवून दिला. नाहीतर 'शेंबड्या ड्रॅगनची गुहा' जगात उरलीच नसती.

डोरीन: आणि नाताळनंतर आज उगवलास.

क्लिफर्ड: गॅसचा मीटर जिन्याखाली आहे, साहेब.

हॉवर्ड: क्लिफ, मी हॉवर्ड.

क्लिफर्ड: बरं, बरं. तुमच्या आधी मीटर बघायला यायचा तो माणूसही भला होता.

डोरीन: मनाला लावून घेऊ नकोस. परवा मला म्हणाला, बाई, तुमची ड्यूटी कधी संपते, घरी वाट बघत असतील.

हॉवर्ड: मग तू काय म्हणालीस?

डोरीन: म्हटलं, मला सुट्टीच नसते. काय म्हणणार? बिस्कीट घे.

हॉवर्ड: नॉर्वेच्या एका बाईनं मला शोधून काढलं, डोरीन. लहानपणी हा खेळ खेळत ती इंग्रजी शिकली. ड्रॅगनला पडसं झालंय, आग ओकता येत नाही, म्हणून राजानं त्याचं पेन्शन अडवलंय, हे सगळं तिला अजून तोंडपाठ आहे.

डोरीन: ते पडसं क्लिफच्या आईचं. बारमाही असायचं.

हॉवर्ड: ती विचारत होती, किल्ल्यात जायचा रस्ता कुठून आहे.

डोरीन: तू सांगितलंस का, की किल्लाच नाहीये म्हणून?

हॉवर्ड: लाज वाटली. कॅसेटच्या डब्यावर किल्ल्याचं एवढं मोठं चित्र छापून बसलो होतो. पण क्लिफ ऐकेल तर ना. खेळणारा जे जे टाईप करील त्याला खेळानं द्यायची उत्तरं हा लिहीत सुटला; मशीनची मेमरी संपली तरी ह्याची उत्तरं संपेनात. शेवटी ती मावावीत म्हणून मी अख्खा किल्ला काढून टाकला.

डोरीन: मला ह्याच टेबलाशी बसवायचात तुम्ही दोघं. म्हणायचात, काहीही टाईप कर, येड्यासारखं. मी आपली 'तलवार चाट', 'पुलाशी लग्न कर'. आणि हा म्हणायचा, खेळायला आला तो आपला पाहुणा, त्यानं काहीही विचारलं तरी उत्तर दिल्याशिवाय पाठवायचं नाही. बस डेपोतून दमून यायचा आणि माझ्या खुळचटपणाला उत्तरं लिहीत बसायचा.

हॉवर्ड: म्हणून तर म्हणतो. मी नुसती हमाली केली, शब्द सगळे त्याचे आहेत. त्याच्या होकाराशिवाय मी देणार नाही. आणि त्याचा मिळत नसेल तर तुझा.

डोरीन: तुला माहितीये मी आता त्याच्याशी कशी बोलते? लांब वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोन शब्द बोलायचे. बूट घाल. चमचा धर. खेळात टाईप करायचो तसं. आणि तो म्हणतो, 'समजलं नाही.' दुसऱ्यांच्या खेळांत उठसूट तेच उत्तर यायचं; क्लिफनं आपल्या खेळात ते वाक्य एकदासुद्धा येऊ दिलं नव्हतं, हॉवर्ड.

हॉवर्ड: मला ठाऊक नव्हतं.

डोरीन: कुठून असणार? दुपारी त्याचा डोळा लागला की मी हे लावते. 'दार उघड' टाईप करते. तर खेळ म्हणतो, 'दार आत्ताच आडवं झालंय, जरा वेळानं या.' त्याचंच बोलणं आहे ते. टोमणा मारायची तीच खोड. या घरात मला उलटून बोलणारं एवढंच उरलंय, आणि ते तू गावभर वाटणार. उद्या नॉर्वेची बाई काही विचारेल, आणि तो तिच्याशीही असाच बोलेल.

हॉवर्ड: तुझ्याकडचा कुठं जातोय? प्रत काढली म्हणून मूळ कमी होत नाही.

डोरीन: मशीनचं होत नसेल. माझं होतं.

हॉवर्ड: मलाही तो हवाय, डोरीन. मी येत नाही म्हणतेस, पण येऊन करू काय? माझा मित्र मला मीटर दाखवतो. गाडीत बसून रडतो मी, मग घरी जातो. निदान लोक त्याच्या विनोदावर हसतील, त्याचं नाव घेतील. तू आणि मी गेल्यावर असा एक माणूस होता हे कुणाला कळणार?

क्लिफर्ड: (उठून कॉम्प्युटरपाशी येत) काय आहे हे?

डोरीन: खेळ आहे. इथं बस.

क्लिफर्ड: समजलं नाही.

डोरीन: खुर्चीत बस. हां. आता लिही काहीतरी.

क्लिफर्ड: काय लिहू? ड्रॅगनला... सूप दे.

हॉवर्ड: आता ही कळ दाब.

क्लिफर्ड: 'ड्रॅगन सूप पितो. नाक चोंदलेलं असल्यामुळे तुमचा स्वयंपाक त्याला आवडतो.' हा हा. नाक चोंदलंय म्हणून आवडला. बरोबर आहे की.

डोरीन: हसला. हॉवर्ड, हसला तो.

क्लिफर्ड: कुणी लिहिलंय हो हे? वल्ली दिसतो. भेटायला पाहिजे एकदा.

हॉवर्ड: क्लिफ, लोकांना देऊ? फुकट?

क्लिफर्ड: मला काय विचारता? त्याला विचारा.

डोरीन: तो भेटत नाही आता.

क्लिफर्ड: अरेरे. बायको आहे त्याला?

डोरीन: आहे.

क्लिफर्ड: मग तिला विचारा. असल्या माणसाशिवाय घर खायला उठत असेल तिला.

डोरीन: उठतं.

हॉवर्ड: डोरीन, राहू दे. मी निघतो. पुन्हा नाही विचारणार.

डोरीन: बस खाली. चहा निवला तुझा, दुसरा टाकते. आणि दे तो लोकांना, फुकट दे. वर त्याचं पूर्ण नाव लिही, क्लिफर्ड अर्नशॉ. पण उद्या दे, हॉवर्ड. आज तो माझ्याकडे राहू दे.