एकदा ठोकलं की ठोकलं

नाही हो, वाजवणार आहे, वाजवायलाच बसलेय, ते तुमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी व्यासराजमामा कोपऱ्यातून घड्याळ दाखवतायत त्यांच्याकडे तुम्ही बघू नका, माझ्याकडे बघा, कारण ह्याच्यावर हात टेकवायच्या आधी मला थोडं बोलायचंय. घरून निघताना अप्पांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती काय ते मी आत्ता सांगत नाही, पण बोलल्याशिवाय मला वाजवताच येणार नाही, इतकं ह्या वस्तूने मला छळलंय. आणि ही कढई नाही. दोन कढया तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखी दिसते, मान्य. इडलीपात्रही नाही. मागून कोण म्हणालं, 'उडती तबकडी'? तेही ऐकून झालंय. हँडपॅन म्हणतात ह्याला. पोलादाचं असतं. मध्ये एक उंचवटा, भोवती आठ खळगे, प्रत्येकात एकच स्वर, तो कारागिराने हातोडीने ठोकून ठोकून बसवलेला, आणि तुम्हाला सांगते, एकदा ठोकलं की ठोकलं. वीणेची खुंटी पिळता येते, मृदंगाला रवा लावता येतो, ह्याला काही म्हणजे काही करता येत नाही. नऊ स्वर घेऊन घरी यायचं आणि जन्मभर त्यांच्याशी संसार करायचा.

मी कीर्तना. आमचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षं इकडेच मुरलेलं, आमच्या घरातली मराठी तुम्ही पुण्या-नागपूरकडच्यांनी ऐकलीत तर निम्मी तमिळ वाटेल, म्हणून आज मी तुमच्यासारखी बोलतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. तर नाव ठेवलं कीर्तना, आणि मी नऊ वर्षांची असताना हेमावती आत्याने, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीने, चेन्नईत अड्यारला चाळीस मुलींना गाणं शिकवते ती, तिने क्लासच्या चौथ्या महिन्यात मला हाताला धरून घरी आणून सोडलं. "बालाजी, हिला चित्रकलेला घाल." बस. एवढंच. आणि आमचे अप्पा, बालाजीराव, तीस-बत्तीस वर्षं बँकेत चेकवरच्या सह्या तपासलेला माणूस, ते काय म्हणाले? म्हणाले, "सरि." सरि म्हणजे बरं. त्या एका 'सरि'नंतर पंधरा वर्षांत त्यांनी मला कधी म्हटलं नाही की कीर्तना, काहीतरी म्हण. ज्या माणसाचं डिसेंबरभर घरात पाऊल नसतं, सकाळी एक कच्चेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक... कच्चेरी म्हणजे मैफल हो, कोर्ट नाही... पहिल्या वर्णमपासून ते तंबोरा पिशवीत जाईपर्यंत जो खुर्चीतून हलत नाही, तो माणूस स्वतःच्या मुलीचं दहा मिनिटं ऐकायला तयार नाही? मला दुसरं काही नको होतं. अप्पांनी समोर बसावं, दहा मिनिटं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अर्थात त्या वेळी मी असं कबूल केलं नसतं. त्या वेळी मी म्हणायचे की प्रश्न तत्त्वाचा आहे. पहिल्या रांगा सभासदांच्या, रेशमी पट्टुसाड्या, मांडीवर थापा मारत मोजलेला ताल, आणि शेजारणीला डोळ्यांनीच विचारायचं, 'ओळखलास का राग?' ही काय परीक्षा आहे का? कॉलेजात मी ह्यावर पत्रक काढलं होतं, 'स्वर सर्वांचे', दोनशे प्रती छापल्या, एकशे नव्व्याण्णव अजून माळ्यावर आहेत. अप्पांबरोबर कच्चेरीला जायचे, तासाभराने तत्त्व म्हणून उठायचे आणि तत्त्व म्हणून कॅन्टीनमध्ये जाऊन केळ्याची भजी खायचे. आयुष्यात एकही कच्चेरी मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ऑफिसात, शोळिंगनल्लूरला, माझ्या शेजारी बसणारा विश्वेश, त्याने मला एक व्हिडिओ दाखवला. चार मिनिटांचा व्हिडिओ, आमच्या नेटवर उतरायला वीस मिनिटं, कुठल्याशा पुलाखाली एक माणूस मांडीवर हे घेऊन बसलाय आणि नुसत्या बोटांनी... काय सांगू, पाण्यात घंटा वाजावी तसं. आणि खाली लिहिलेलं की ह्यावर कोणीही वाजवू शकतं, चुकीचा स्वर लागूच शकत नाही, कारण चुकीचा स्वर त्यात बसवलेलाच नसतो. तुम्हीच सांगा, चित्रकलेला घातलेल्या मुलीने हे वाचल्यावर काय करावं?

पण घ्यायचं कसं? दुकानात मिळत नाही. युरोपातल्या एका डोंगराळ गावात एक कारागीर, त्याला हाताने पत्र लिहायचं, ईमेल चालत नाही, तुम्हाला हे वाद्य का हवंय ते मनापासून लिहा. मी अकरा पानं लिहिली. पत्रकाची एक प्रतही जोडली, तेवढीच एक खपली. पाच महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. 'तुमचा नंबर पुढच्या वर्षी आहे. कुठले स्वर हवेत ते कळवा, आणि नीट विचार करा, एकदा ठोकलं की ठोकलं.'

झालं. घरात ही दोन वाक्यं मी मोठ्याने वाचली हीच चूक. स्वर निवडायचे म्हणजे राग निवडायचा, आणि चेन्नईत राग निवडायचा म्हणजे मुलगा निवडण्यापेक्षा वाईट. अम्मा म्हणाली, मोहनम् घे, गोड आहे. मी म्हटलं, तो आपल्या गल्लीतल्या तीन घरांच्या दारावरच्या बेलमध्ये आहे. मग हिंदोळम्? तर अम्माच, "त्यात पंचम नाही गं, पंचमाशिवाय घर कसं चालेल?" खालच्या मजल्यावरच्या विजयलक्ष्मी मामी साखर मागायला आलेल्या त्या साखर विसरून बसल्या, "नीलांबरी घे ना, माझा नातू लगेच झोपतो." मी म्हटलं, मामी, मला लोकांना जागं करायचंय. "मग मुखारी?" ती तर रडकी. हेमावती आत्याला विचारायचंच नाही असं मी ठरवलं होतं, पण तिला फोनवर कळलंच. "स्वर हलवता येतो का त्यात?" नाही, आत्या. "गमक निघतं?" नाही, आत्या. "मग वाद्य कशाला म्हणतेस, घंटा म्हण. देवघरात ठेव." आणि फोन ठेवला.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी रसमभात कालवता कालवता, मान वर न करता अप्पा म्हणाले, "मध्यमावती घे."

मी म्हटलं, का, अप्पा?

"झालेल्या चुका ती पोटात घेते."

तुम्हाला सांगते, पंधरा वर्षांनी माझा बाप माझ्याशी संगीतावर एक वाक्य बोलला, आणि ते असं. मी हात धुतला आणि त्याच दुपारी पत्र टाकलं. मध्यमावती. नऊच्या नऊ स्वर तिचे. पुढे कसली चौकशी नाही, काही नाही. धीर धरणं हा माझा गुण नाही.

सव्वा वर्षाने खोकं आलं, मी दारातच फोडलं. कुरियरवाला म्हणाला, "अक्का, एवढं काय जपून धरलंय, वाजवून दाखवा की." मी तिथेच दारात बसून वाजवलं. मिनिटभर ऐकलं त्याने, मग हळूच हात जोडले, बॅग उचलली आणि जिना उतरून गेला. सही घ्यायची राहिली, दुसऱ्या दिवशी परत आला. मला वाटलं, बघा, भारावला. मग विजयलक्ष्मी मामी ऐकायला आल्या. कॉफी अर्धी प्यायलेली, मी सुरू केलं, दोन मिनिटांत मामींनी पदर खोचला, "सरि कण्णा, येते मी," आणि गेल्या. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. ऑफिसात शुक्रवारच्या कार्यक्रमात वाजवलं, पाच वाजता, आणि आमचे लोक, जे आठ-आठला हलत नाहीत, ते संगणक बंद करून बसच्या रांगेत. मॅनेजर विचारतो, सुट्टी कोणी दिली? मी मनात म्हणते, हे स्वातंत्र्य आहे. संगीताने माणसं मोकळी होतायत. कॉलेजात शिकलेल्या मुलीचं हे असं असतं, डोळ्यांसमोर घडतं त्याला ती आधी नाव देते.

आणि मग गेल्या डिसेंबरात हेमावती आत्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम. सोळा मुली गाणार. अप्पा स्वतः आत्याकडे गेले आणि म्हणाले, "कीर्तनाला दहा मिनिटं दे." अप्पा मागायला गेले, कळतंय का तुम्हाला? आत्या तरी काय करणार? म्हणाली, सगळ्यात शेवटी बस. मी म्हटलं, शेवटी मुळीच नाही, शेवटी कोणी थांबत नाही, मला माहितीय, मी स्वतः कधी थांबले नाही. मला मध्येच पाहिजे. पाच मुलींनंतर. आत्या म्हणाली, "बरं, राग कुठला?" तेव्हा सरळ सांगायचं ना? नाही. मी मान वर करून म्हटलं, "राग वगैरे काही नाही, आत्या. हे मुक्त संगीत आहे."

हॉल भरलेला. पाचवी मुलगी उतरली, मी बसले. तिसऱ्या रांगेत अप्पा, डोळे मिटलेले. मी वाजवायला लागले आणि अहो काय वाजत होतं, एक बोट इकडेतिकडे नाही, आणि मिनिटभरात खुर्च्या सरकल्याचा आवाज. मला वाटलं उभे राहून मान देतायत. मग पिशव्या. मग टिफिनचे डबे. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "आज लवकर आटोपलं, छान." आई-बापसुद्धा उठले, ज्यांच्या मुली अजून गायच्या होत्या त्यांचे आई-बाप, सवयीने, दारापर्यंत जाऊन त्यांना आठवलं की आपली पोर आत आहे. पण तोवर कॅन्टीनमध्ये केळीची पानं मांडली गेली होती.

आता तुम्हाला सांगायला पाहिजे. तुमच्याकडे भैरवी लागली की लोक चपला शोधायला लागतात ना? तशी इकडे मध्यमावती. कच्चेरी तिच्यावर मिटवतात, मंगलम् म्हणतात त्या समारोपाला. एवढ्या वेळात जे काही चुकलं-माकलं ते धुऊन टाकायचं आणि घरी जायचं. इथल्या दूधवाल्याला हे ठाऊक आहे, कुरियरवाल्याला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एका मला, कारण त्या वेळी मी रोज तत्त्व म्हणून भजी खात होते.

पडद्यामागून आत्या आली. तिच्यामागे रांगेत तिच्या मुली, गजरे माळलेल्या, रेशमी पावाडं, म्हणजे परकर, नेसलेल्या, डोळे भरलेल्या. आत्या ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कीर्तना, अकरा मुली राहिल्यात."

आणि रिकाम्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत एकटे अप्पा. ते हात जोडून उभे राहिले, शेवटी राहतात तसे, मग माझ्यापाशी आले.

"अप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, शेवटी बसशील."

"कसं झालं?"

बराच वेळ विचार केला त्यांनी. बँकेत सही तपासताना करायचे तसा. म्हणाले, "मंगलम् चांगलं झालं. कच्चेरी कधी आहे?"

मी त्याच आठवड्यात कारागिराला लिहिलं, दुसरं द्या, दुसऱ्या रागाचं, कुठल्याही, बेलचा चालेल. कालच उत्तर आलं. एका माणसाला एकच मिळतं. आणि खाली तेच, एकदा ठोकलं की ठोकलं.

आणि मग हे तुमचं बोलावणं. अप्पाच म्हणाले, जा, तिकडे वाजव. पुण्या-नागपूरकडची माणसं आहेत, त्यांना मध्यमावती म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेवटपर्यंत बसतील. ते काय, तिसऱ्या रांगेत बसलेत. आज मी नुसती मिटवणार नाही, आज मी अख्खी कच्चेरी...

थांबा.

मी सांगेपर्यंत तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, नाही का?

अप्पा, असे बघू नका. निघताना दाराशी तुम्ही तेवढंच तर बजावलं होतं मला, "बोलू नकोस. नुसती वाजव."

बरं. वाजवते. चपला डाव्या दाराशी आहेत.